'जुलूम', 'आजार' व 'तसवीस'

जुन्या कागदांतील या तिन्ही शब्दांस शब्दसूचींत कित्येकदा 'त्रास' हा एकच अर्थ दिलेला असतो; तो आम्हांस ग्राह्य वाटत नाही. 'जुलूम' हा अरबी 'जुल्म' होय. अरबी कोशकार त्याचा मूलार्थ 'वस्तू अस्थानी ठेवणे' असा देतात. म्हणजे त्यांत मर्यादेचे उल्लंघन आले. आज रोगवाचक झालेला 'आजार' फारसी 'आजुर्दन', म्हणजे दुखविणे, या धातूचा; त्यांत पीडा मुख्य. 'तसवीस' अरबी 'तश्वीश'पासून. तींत चित्ताचा क्षोभ. मूलार्थ वापरांत टिकतोच असे नव्हे, हे खरे. तथापि फिर्यादींतील 'जुलूम' हा अधिकारातिक्रमाचा आरोपहि असूं शकेल. सरसकट 'त्रास' लिहिल्याने आरोप लोपून केवळ गाऱ्हाणे उरते. सबब संपादकांनी प्रत्येक स्थळी पूर्वापर संदर्भ पाहूनच अर्थ द्यावा.