टोपलीभर मातीचे ओझे

माधवराव सप्रे यांचे नाव मराठी वाचक घेतो ते बहुधा ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतरकार म्हणून, आणि तेवढ्यावरच थांबतो. पेंड्र्यासारख्या आडगावातून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या या मराठी गृहस्थाने १९०१ मध्ये त्याच मासिकात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही लहानशी गोष्ट लिहिली. हिंदीतील पहिली लघुकथा हीच की दुसरी कोणती, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा.

कथानक थोडके आहे. वाड्याचे आवार वाढवण्यासाठी जमीनदार वकिलांच्या साह्याने एका अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. घर सुटल्यापासून तिची नात अन्नाला शिवत नाही. घरच्या मातीची चूल घातली तर तीवरची भाकरी तरी पोर खाईल, या आशेने म्हातारी टोपलीभर माती मागावयास येते. टोपली भरते, आणि ती डोक्यावर ठेवण्यास खुद्द जमीनदारालाच हात लावावयास सांगते. टोपली जागची हलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नाही, तर या जागेतील हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहाल, असे ती विचारते.

कथेचे सारे सामर्थ्य या वाकण्यात आहे. निकाल विरुद्ध गेल्यावर म्हातारीजवळ दाद मागण्याची जागाच उरलेली नाही. ती फक्त त्याला त्याची मालकी स्वतःच्या हाताने उचलून पाहावयास लावते. आम्हां कारकुनांना हे विशेष कळावे. आमच्या टेबलावर जमीन येते ती एकर-डिसमिलांत, वजनात नव्हे. १९५५ च्या सोव्हिएट करारानंतर ज्या गावांच्या शेतांवर भिलाईचा कारखाना व वसाहत उभी राहिली, त्याच भूमीवरील एका क्वार्टरात बसून मी ही कथा वाचली. तटस्थ राहणे जमले नाही, हे कबूल करतो.

तरीही शेवट मला पटत नाही. जमीनदाराला तत्काळ पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत करतो. दोन नोकर हाकारले असते तर? माती सहज उचलली गेली असती, आणि म्हातारीचे सारे धैर्य वाया गेले असते. एकट्या माणसाच्या कृतीला प्रतिपक्षाच्या सदसद्विवेकावाचून दुसरा आधार लेखकाने ठेवलेला नाही.

सात वर्षांनी टोपली सप्र्यांच्याच हाती आली. १९०८ मध्ये ‘हिंद केसरी’तील लेखनासाठी त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली, आणि क्षमापत्र देऊन ते सुटले. ती सल त्यांना झोपू देईना. माधुकरी मागून राहणे, ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर, आणि मग १९१६ मध्ये ज्या टिळकांचे विचार ‘हिंद केसरी’तून मांडले त्यांचेच ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणे: येथे पश्चात्तापाला दोन वाक्ये पुरली नाहीत, वर्षे लागली. क्षमापत्राचा उल्लेख कथेच्या चर्चेत सहसा होत नाही. तो व्हावा, असे माझे मत आहे. कारण त्यानंतर कथेकडे परत गेल्यावर शेवटातील आणखी एक उणीव दिसते. झोपडी परत मिळाली, एवढे सप्रे सांगतात. नात जेवली की नाही, हे त्यांनी लिहिलेले नाही.