डॉ. जोझे परेरा यांचा वास्तु-इतिहास आणि पेडणे-डिचोलीची देवळे

गोव्याच्या वास्तुकलेचा विषय निघाला की डॉ. जोझे परेरा (1931–2015) यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. जन्म मुंबईचा, मूळ घर सासष्टीतल्या कुडतरीचे. शिक्षण संस्कृत आणि प्राचीन भारतीय इतिहासाचे, आणि नोकरी न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाची. आपल्याकडच्या मराठी वाचकाला मात्र हे नाव बहुधा कोकणी-मराठी वादामुळे ठाऊक असते. जनमत कौलानंतर चारच वर्षांनी, 1971 मध्ये, त्या वादाचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक धारवाडहून प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्यांनी कोकणीची बाजू उघडपणे घेतली. ती बाजू कोणाला पटो वा न पटो. पण त्या रागापोटी त्यांची वास्तुकलेवरची पुस्तके न उघडणे म्हणजे आपलेच नुकसान.

कारण हा माणूस एका विषयात मावणारा नव्हता. 1977 मध्ये वेरूळच्या जैन लेण्यांवरचे ‘मोनोलिथिक जिनाज’ आले. 1987 मध्ये ‘एलिमेंट्स ऑफ इंडियन आर्किटेक्चर’, 1994 मध्ये इस्लामी धार्मिक वास्तूंचा शैलीनिष्ठ इतिहास, 1995 मध्ये ‘बरोक गोवा’, आणि 2000 मध्ये ‘बरोक इंडिया’. जैन, इस्लामी आणि ख्रिस्ती या तिन्ही परंपरांच्या वास्तूंवर एकाच माणसाने स्वतंत्र पुस्तके लिहावीत, असे आपल्याकडे किती वेळा घडले?

परेरांचे मोठे काम कोणते, हे आधी नीट सांगायला हवे. गोव्यातली चर्चे म्हणजे युरोपातल्या चर्चांची दुय्यम नक्कल, असे मानण्याची सवय पोर्तुगिजांना होती तशी आपल्यालाही होती. परेरांनी तिला धक्का दिला. बरोक शैली भारतात आली आणि भारतीय झाली, असे त्यांनी मांडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चर्च आणि देऊळ त्यांनी एकाच पानावर आणले. देवळाचा अष्टकोनी टप्पा, त्यावरचा घुमट, अर्धवर्तुळाकार कमानी, भिंतीतून पुढे आलेले अर्धस्तंभ, कठडे हे सगळे ‘परके’ म्हणून वगळायचे नाही, तर आपल्याच वास्तुपरंपरेचा भाग म्हणून वाचायचे, हे त्यांनी शिकवले.

पण खरी गोम पुढे आहे. ‘बरोक इंडिया’च्या उपशीर्षकातच हे जागतिक पातळीवरचे शैली-सर्वेक्षण असल्याचे म्हटले आहे. इस्लामी वास्तूंवरच्या पुस्तकातही ‘शैली’ हा शब्द शीर्षकातच आहे. परेरांच्या इतिहासाचा नायक शैली आहे. ती जन्मते, प्रवास करते, दुसऱ्या शैलीशी सोयरीक जुळवते. देऊळ बांधणारा गवंडी, पैसे देणारा यजमान, त्या वेळी त्या महालावर असलेला अंमल ही मंडळी पडद्यामागे राहतात. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, हे एक वेळ खपून जाते. नव्या काबिजादीत आलो की अडते.

कारण इथले सनावळीचे गणित वेगळे आहे. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला 1763 मध्ये, डिचोली 1781 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ त्याआधीचे, 1730च्या दशकातले. त्यामागे पुढाकार होता शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांचा. म्हणजे बघा, पोर्तुगीज अंमल नसलेल्या मुलखात, मराठ्यांच्या मंत्र्याच्या पैशाने उभे राहिलेले देऊळ, आणि त्याची घडण मात्र चर्चाची आठवण करून देणारी. हे कसे काय झाले? जबरदस्तीने नव्हे, हे उघड आहे. कारागीर सीमा ओलांडत होते आणि यजमानांना ती घडण पसंत होती, असेच म्हणावे लागते. परेरांच्या सिद्धान्ताला याहून बळकट आधार नाही. पण तो आधार हाती लागण्यासाठी शैलीबरोबर माणसेही मोजावी लागतात.

आता डिचोलीतले नार्वे घ्या. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपार इथे आला. शिवाजी महाराजांनी देवळाच्या बांधकामाची आज्ञा दिली ती शके 1590 मध्ये, म्हणजे नोव्हेंबर 1668 मध्ये. शिलालेख तसे सांगतो. आज दिसते ते काय? कौलारू उतरते छप्पर, अष्टकोनी बैठकीवर बसका घुमट, समोर दीपस्तंभ. शैलीच्या तक्त्यात याला कुठे बसवणार? घुमट एका रकान्यात, खांब दुसऱ्या, छप्पर तिसऱ्या. तक्ता भरतो, देऊळ हातातून निसटते. देवळावरच्या मंगळुरी कौलांचेच घ्या. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला 1865 मध्ये. म्हणजे जे कौलारू छप्पर आपल्याला सगळ्यात ‘पारंपरिक’ वाटते, तेच बहुतेक वेळा इमारतीतले नवे अंग असते. हे शैली सांगत नाही, सामान सांगते.

पेडण्यातही तेच. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला, आणि आज त्याच्या चौकात सेंट अँथनीचे चर्च आहे. मराठी तटबंदीच्या पोटात ख्रिस्ती प्रार्थनास्थळ. इथे कुठल्या शैलीची कुठल्या शैलीशी सोयरीक झाली, हा प्रश्नच गैरलागू आहे. इथे एक लढाई झाली, आणि इमारतीचा धनी बदलला.

परेरांची ही उणीव काही अंशी भरून काढली ती पावलो व्हारेला गोमिश यांनी. कोइंब्राच्या या इतिहासकाराचे गोव्यातल्या चर्चांवरचे पुस्तक 2011 मध्ये आले. चर्चांची वास्तुकला पोर्तुगीजही नाही, भारतीयही नाही. ती गोमंतकीय आहे, आणि ती घडवली गोमंतकीय ख्रिस्ती समाजाने, असे ते म्हणतात. पुस्तकाच्या नावातच पांढरा चुना आणि तांबडा चिरा आहे. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. तरी 1950च्या दशकात बॉम जेझूचा गिलावा खरवडून काढला गेला, कारण उघडा दगड ‘अस्सल’ वाटला.

हा ‘अस्सल’पणा फक्त चर्चांपुरता नाही. नार्व्याच्या देवळाचे जतनकाम होऊन फेब्रुवारी 2023 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पण गावोगावी ‘जीर्णोद्धार’ म्हणजे जुने पाडून सिमेंटचे बांधणे, असाच अर्थ रूढ होत चालला आहे. घुमट ‘परका’ म्हणून उतरतो, त्या जागी उंच शिखर चढते. अशा वेळी महाजनांच्या बैठकीत ठेवण्याजोगा युक्तिवाद परेरांनीच दिला आहे: हा घुमट आपलाच आहे. त्याला जोड हवी ती कागदांची. 1933च्या महाजनी नियमावलीने देवस्थानांचे हिशेब प्रशासकाच्या तपासणीखाली आले. कीर्द-खतावण्यांत चुना किती आला, सुतार कुठला, कौले कधी बदलली, याच्या नोंदी शोधायला हव्यात. परेरांनी जगभर फिरून जे सूत्र मांडले, ते पेडणे-डिचोलीत गावागावांतून तपासून पाहणे हे काम न्यूयॉर्कहून होणारे नव्हते. ते इथल्या माणसांचे आहे, आणि देऊळ पाडले जाण्याआधी व्हायला हवे.