हसू कोणाच्या खर्चाने?

डोरेमॉन आणि शिन-चान हिंदी बोलू लागल्यापासून जपानी कार्टून मालिका आपल्या घरांतून चांगल्याच रुळल्या आहेत. मुले पोट धरून हसतात आणि वडीलधारी मंडळी आतून विचारतात, "एवढे हसण्यासारखे आहे तरी काय त्यात?" प्रश्न बहुधा त्राग्याने विचारलेला असतो, पण तो विचार करण्याजोगा आहे. विनोद कशाने साधतो, आणि कोणता विनोद आपला वेळ देण्याच्या योग्यतेचा, हे आम्ही येथे ‘निचिजो’ या मालिकेच्या आधारे तपासून पाहणार आहोत.

‘निचिजो’ म्हणजे रोजचे जगणे. केइइची आरावी यांच्या चित्रकथेवरून क्योतो अॅनिमेशन या संस्थेने २०११ साली तिचे २६ भाग निर्माण केले. दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. सलग कथानक असे जवळजवळ नाहीच. युको, मिओ आणि माइ या तीन शाळकरी मैत्रिणी एकीकडे. दुसरीकडे एका घरात आठ वर्षांची शास्त्रज्ञ मुलगी, तिने बनवलेली नानो नावाची रोबो मुलगी आणि गळ्यातल्या लाल रुमालामुळे बोलू शकणारे साकामोतो हे मांजर.

या मालिकेतील विनोदाचे मर्म प्रमाणभंगात आहे. युकोच्या डब्यातला, ऑक्टोपसच्या आकारात कापलेला सॉसेजचा तुकडा निसटतो. तो जमिनीवर पडण्यापूर्वी झेलण्याची तिची धडपड एखाद्या युद्धपटाच्या थाटात रंगविलेली आहे. शाळेचे मुख्याध्यापक अंगणात चक्क हरणाशी कुस्ती खेळतात, तेही आखाड्यातल्या मल्लाच्या निष्ठेने. चित्रकारांनी या क्षुल्लक प्रसंगांवर जी मेहनत घेतली आहे, ती इतरत्र महायुद्धाच्या दृश्यांवर घेतली जाते. पात्रांना मात्र आपण विनोदी आहोत याची गंधवार्ताही नसते. आपल्या चि. वि. जोशींचा चिमणरावही असाच घरगुती अडचणींना मोहिमेच्या गांभीर्याने सामोरा जातो, म्हणून आपण हसतो. पात्राने स्वतःच हसून दाखविले की विनोद तेथेच संपतो.

परंतु हसविणे ही अर्धीच कसोटी झाली. हसू कोणाच्या खर्चाने येते, हे त्यानंतर पाहावे लागते. युको ऐटीत कॉफीच्या दुकानात शिरते. तेथील नावे तिला उमगत नाहीत, पण विचारण्याची लाज वाटते. शेवटी हाती येतो एस्प्रेसोचा इवलासा पेला. येथे आपण युकोला हसतो खरे. पण परक्या ठिकाणी ‘मला हे ठाऊक नाही’ म्हणायला कचरलेला आपल्यातला माणूसही त्या हसण्यात सामील असतो. कोणाचे रूप, गरिबी वा व्यंग येथे हसण्याचा विषय होत नाही.

नानोच्या पाठीवर एक मोठी चावी आहे. ती काढून टाकावी, आपण इतर मुलींसारखे दिसावे, ही तिची तळमळ. शाळेत ती चावी लपवू पाहते आणि प्रत्येक वेळी फजिती होते. एखाद्या हलक्या मालिकेने या ठिकाणी वर्गाला फिदीफिदी हसविले असते. येथे वर्गाला चावी दिसतेच, पण त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. तिला मैत्रिणी मिळतात. शेवटच्या भागापर्यंत नानोलाही ती चावी तितकीशी खुपेनाशी होते. आपल्या वेगळेपणाने शाळेत अवघडून बसणारी मुले कोणत्या गावात नाहीत?

मालिका निर्दोष नाही. जपानी शब्दांवरच्या कोट्या भाषांतरात निसटतात. मिसातो ही मुलगी लाजली की बंदूक रोखते. पहिल्यांदा गंमत वाटणारी ही युक्ती पुढे पुढे कंटाळवाणी होते. काही प्रसंग तर केवळ विक्षिप्त आहेत.

तरीही ती आम्हाला मोलाची वाटते, याला आणखी एक कारण आहे. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो येथील या संस्थेच्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली आणि ३६ जणांचा बळी गेला. मालिकेतील पात्रांचे आरेखन करणारे फुतोशी निशिया त्यांत होते. पडत्या सॉसेजसाठी ज्या मंडळींनी इतके कष्ट उपसले, त्यांच्यापैकी काहींचे हात असे कायमचे थांबले. २०२५ साली त्याच संस्थेने आरावी यांच्याच ‘सिटी’ या चित्रकथेवरून नवी मालिका पडद्यावर आणली, तीही विनोदीच. एवढ्या दुःखानंतर पुन्हा लोकांना हसवायला बसणे हे उथळ माणसांचे काम नव्हे.

तेव्हा पालकांनी मुलांच्या हातातला रिमोट हिसकावण्याआधी घटकाभर त्यांच्या शेजारी बसावे. मुले कशाला हसतात हे पाहावे, आणि ज्याला हसतात त्याच्याविषयी त्यांच्या मनात नंतर काय उरते, हेही विचारावे. माया उरत असेल, तर ती मालिका खुशाल पाहू द्यावी. जमल्यास आपणही पाहावी.