मुलांसाठी एक परिपत्रक

परिपत्रक वाचावं तर दुसऱ्या खात्याचं! आमच्या खात्याची वाचून पंचविशीतच चष्मा लागला. त्यामुळे मुलांसाठी मिस्सा कशी करावी, हे सांगणारं व्हॅटिकनचं १९७३ सालचं मार्गदर्शन हाती आलं, तेव्हा मी पोटकलमं मोजायच्या तयारीनंच बसलो.

पण हे लिहिणारा माणूस कधीतरी पोरांच्या रांगेत बसलेला असावा. वाचनं जड वाटली तर दोनच घ्या, एकच घ्या, पण शुभवर्तमान गाळू नका. प्रवचनात मुलांशी सवालजवाब केले तरी चालतील. आणि गंमत म्हणजे, मुलं आहेत म्हणून शांततेला फाटा देऊ नका; तीही आपल्या परीनं चिंतन करतात! हे मला फार पटलं. आपण 'मुलांसाठी' म्हटलं की टाळ्या, उड्या आणि माकडाचं सोंग! त्यापेक्षा कीर्तनकार बरे. पूर्वरंगात पेंगणारी पोरं उत्तररंगातल्या ध्रुवबाळाला ताठ बसतात. त्यांना कोणी उड्या मारायला लावत नाही.

तक्रार एकाच कलमाबद्दल. मुलांच्या कलानं बोलणं धर्मगुरूंना जड जात असेल, तर दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसानं बोलावं, अशी सोय आहे. झकास! पण मोठ्यांच्या कलानं बोलणं जड जाणाऱ्यांचं काय? त्याला कलम नाही.

वसईच्या एका सहकाऱ्याला हे विचारलं. तो म्हणाला, "म्हणून तर आम्ही मुलांच्या मिस्सेला जाऊन बसतो."