फितीवरचे संगीत, तबकडीवरचा संग्रह

गोवा ट्रान्स हे संगीत तबकडीच्या आश्रयाने वाढले नाही. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवरील उष्मा व धूळ तबकड्यांना मानवत नसे. म्हणून गोवा गिल (१९५१–२०२३) यांच्यासारखे वादक डिजिटल फितींवरून रात्रभर संगीत वाजवीत. फितीचा वेग बदलून ठेके जुळविणे शक्य नव्हते. त्यामुळे रचनेच्या आरंभी व अखेरीस ठेक्याविना मोकळी जागा ठेवण्याची रीत पडली. अडचणीतूनच या संगीताला सावकाश उलगडण्याचे सौंदर्य लाभले.

सायमन पोसफर्ड यांचा ‘हॅल्युसिनोजेन’ या नावाने निघालेला ‘ट्विस्टेड’ (१९९५) हा संग्रह याची साक्ष देतो. अखंड ठेक्यावर सुरांचे पदर एकमेकांत गुंफत चढत जातात. पुढील काळातील बऱ्याच सायट्रान्स रचनांत ठेका सफाईदार झाला, पण सूर आटला, असे माझ्यासारख्या जुन्या श्रोत्याला वाटते.

मग आम्ही तबकड्या जमविणारे नेमके काय जपतो? किनाऱ्यावरची पहाट आणि सोबतीने नाचणारा समुदाय तबकडीत उतरत नाहीत. दुर्मिळ प्रतीला मोठी किंमत येते. परंतु कपाटात बंद राहिलेली तबकडी मुकीच. चार माणसे जमवून ती ऐकविली, तरच संग्रहाला अर्थ येतो.