संशयाचा फायदा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पडद्यावरच्या कोर्टाची पायरी मात्र शहाणे काय नि वेडे काय, सारेच हौसेने चढतात. गेल्या भाऊबीजेच्या रात्री आमच्या घरी हेच झाले. ओवाळणी आटोपली, फराळाची ताटे बाजूला सरली, आणि भाच्याने सिडनी ल्युमेट ह्यांचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा चित्रपट लावला. पुढची ९६ मिनिटे कोणी जागचे हलले नाही. चित्रपट संपल्यावर आमच्या आत्याबाईंनी एकच प्रश्न केला : “अरे, पण त्या पोरानं बापाला मारलं होतं की नाही, ते सांगितलंच नाही की यांनी!”

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, की ह्या चित्रपटावर आजवर जेवढे लिहिले गेले आहे, त्या सगळ्याच्या मुळाशी आत्याबाईंचाच प्रश्न आहे. अमेरिकेतले कोर्ट नेमके काय ठरवते? सत्य, की दुसरेच काही? ह्या प्रश्नाचा धागा धरून त्या देशातील न्यायदानाच्या तीन नामांकित कथा पुन्हा पाहाव्यात, असे मनाने घेतले.

पहिली अर्थातच ही. रेजिनाल्ड रोझ ह्यांनी १९५४ साली ती टेलिव्हिजनसाठी लिहिली, तीही स्वतः ज्यूरीवर बसून आल्यानंतर. अठरा वर्षांच्या एका गरीब मुलावर बापाचा खून केल्याचा आरोप आहे. साक्षीपुरावा संपला आहे. न्यायाधीश कंटाळलेल्या आवाजात ज्यूरीला समज देतात नि बारा माणसे एका खोलीत कोंडली जातात. पहिल्या मतमोजणीत अकरा जण म्हणतात दोषी. एकटा म्हणतो, जरा बोलूया. तो एकटा म्हणजे हेन्री फोंडा. शेवटी अकराच्या अकरा मते फिरतात. दिग्दर्शकाची करामत अशी, की आरंभी कॅमेरा डोळ्यांच्या वरून पाहतो, हळूहळू खाली उतरतो, आणि अखेरीस खोलीचे छत डोक्यावर टेकल्यासारखे वाटू लागते. उकाडा, घाम, आणि एका बापाच्या मनात मुलाविषयी साठलेली अढी, हे सारे त्या चार भिंतींत असे कोंदले आहे, की प्रेक्षकालाच खिडकी उघडावीशी वाटते. कलाकृती म्हणून हिचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

तिथली व्यवस्था मात्र थोडी समजून घेतली पाहिजे. कायदा काय आहे ते न्यायाधीश सांगतो. घटना काय घडली ते ज्यूरी ठरवते. ज्यूरीतली माणसे साधे नागरिक असतात. त्यांना आधी प्रश्न विचारले जातात, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही जणांना वगळताही येते. त्यांची चर्चा गुप्त चालते. फौजदारी खटल्यात निकाल एकमताने लागावा लागतो. लुइझियाना आणि ओरेगन ह्या दोन राज्यांत दहा विरुद्ध दोन मतांनीही माणूस दोषी ठरे. ती प्रथा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली बंद केली. एकमत झालेच नाही, तर ज्यूरी अडकली असे म्हणतात आणि खटला पुन्हा चालवता येतो. मात्र ज्यूरीने एकदा निर्दोष म्हटले, की सरकारला त्यावर अपील नाही. आणि निर्दोष ह्याचा अर्थ ‘त्याने केले नाही’ असा नसून ‘त्याने केले हे निःसंशय सिद्ध झाले नाही’ एवढाच आहे. आपल्याकडची वकीलमंडळी ज्याला संशयाचा फायदा म्हणतात, तोच हा. आत्याबाईंच्या प्रश्नाला चित्रपट उत्तर देत नाही, ही त्याची चूक नव्हे. तो त्याचा प्रामाणिकपणा आहे.

माझे भांडण दुसऱ्याच ठिकाणी आहे. खुनातला चाकू एकमेवाद्वितीय आहे, असा सरकार पक्षाचा दावा असतो. फोंडा खिशातून तस्साच दुसरा चाकू काढून टेबलात रोवतो. चित्रपटगृहात ह्या क्षणी टाळी पडते. पण हा चाकू त्याने आरोपीच्या वस्तीत जाऊन स्वतः विकत घेतलेला आहे! ज्यूरीने कोर्टात आलेल्या पुराव्यावरच निकाल द्यावा, स्वतः शोध करू नये, हा तिथला पहिला धडा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर ह्यांनी हा चित्रपट आपल्याला प्रेरक ठरल्याचे सांगितले आहे. आणि खालच्या कोर्टात असताना, त्या चित्रपटातल्यासारखे वागू नका, असे आपण ज्यूरीला बजावत असू, हेही सांगितले आहे. नियम कशासाठी? त्या चाकूविषयी सरकारी वकिलाला एक शब्दही विचारता आला नाही, म्हणून. आज बाहेरून आणलेल्या वस्तूने मुलगा सुटला. उद्या बाहेरून आणलेल्या अफवेने दुसरा फासावर जाईल.

आणखी एक. शेजारीण चष्म्याशिवाय पाहू शकत होती काय, म्हातारा साक्षीदार तेवढ्या वेळात दारापर्यंत पोचू शकला असता काय, हे प्रश्न खरे पाहता कोणी विचारायला हवे होते? मुलाच्या वकिलाने, उलटतपासणीत. तो सरकारने नेमून दिलेला वकील निरुत्साही होता, असे चित्रपट दोन वाक्यांत सांगतो नि पुढे जातो. म्हणजे जी कथा आपण एका सज्जनाच्या विजयाची म्हणून पाहतो, ती खरोखर एका वकिलाच्या कामचुकारपणाची कथा आहे. तो सज्जन त्या दिवशी आजारी असता तर?

हा विचार मनात आला, की ऑटो प्रेमिंजर ह्यांचा १९५९ सालचा ‘अॅनाटमी ऑफ अ मर्डर’ अधिक मोठा वाटू लागतो. त्याची मूळ कादंबरी १९५८ सालची. लेखक जॉन व्होल्कर हे मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांनी वकील म्हणून लढवलेल्या एका खऱ्या खटल्यावर ती आधारलेली आहे, आणि त्यांनी ती टोपणनावाने लिहिली. इथे ज्यूरीची खोली आपल्याला दिसतच नाही. दिसतो तो वकील. एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्या पत्नीवर बलात्कार केल्याच्या आरोपावरून एका खानावळवाल्याला गोळी घातली आहे. तुरुंगातल्या भेटीत जेम्स स्ट्यूअर्टने रंगवलेला वकील त्याला हकिकत विचारण्याआधी कायदा समजावून सांगतो : खुनाच्या आरोपातून सुटण्याचे मार्ग अमुक अमुक, त्यांतले हे हे तुला लागू पडणार नाहीत. अशील चतुर आहे. थोड्याच वेळात त्याला ‘आठवते’, की त्या क्षणी आपले डोके ठिकाणावर नव्हते.

वकिलाने खोटे सांगायला शिकवले काय? नाही. खरे सांगू दिले काय? तेही नाही. अमेरिकन न्यायपद्धतीचे मर्म ह्या एका प्रवेशात आले आहे. दोन पक्ष आपापला पुरावा आपापल्या परीने मांडतील, एकमेकांचे साक्षीदार उलटतपासणीत पिळून काढतील, न्यायाधीश मध्ये पंचासारखा उभा राहील, आणि ह्या झुंजीतून जे शिल्लक राहील ते ज्यूरीने पत्करावे. दुसऱ्या एका प्रवेशात न्यायाधीश ज्यूरीला सांगतात, आत्ता ऐकलेले विसरून जा. आरोपी वकिलाच्या कानात विचारतो, ऐकलेले कसे विसरता येईल? वकील कबूल करतो, की येणार नाही. न्यायाधीशाच्या भूमिकेतले जोसेफ वेल्च हे व्यवसायाने खरेच वकील. १९५४ साली सिनेटर मॅकार्थींना भर चौकशीत सुनावणारे तेच. शेवटी आरोपी वेडाच्या कारणावरून सुटतो आणि वकिलाची फी बुडवून पसार होतो. प्रेक्षक घरी जातो तो आनंदाने नव्हे, अस्वस्थ होऊन. मला हा शेवट फोंडाच्या विजयापेक्षा खरा वाटतो.

तिसरी कथा हार्पर ली ह्यांची, ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’. कादंबरी १९६० सालची, ग्रेगरी पेकचा चित्रपट १९६२ सालचा. अलाबामातील एका गावी टॉम रॉबिन्सन ह्या कृष्णवर्णीय माणसावर बलात्काराचा आरोप येतो. येथे वकील कामचुकार नाही. आरोपीचा डावा हात लुळा आहे आणि मुलीला मारणारा डावखुरा असावा, हे तो भर कोर्टात दाखवून देतो. निकाल? दोषी. कारण ज्यूरीत सगळे गोरे. ही कल्पना नव्हे. त्याच अलाबामात १९३१ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांवर असाच आरोप आला होता. ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळल्याच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली त्यांतली शिक्षा रद्द केली. तरी सरकारी वकिलांनी वर्णावरून ज्यूरीतली माणसे वगळू नयेत, हे सांगायला १९८६ साल उजाडले.

तीन कथा, तीन सत्ये. पहिलीत ज्यूरी वाचवते, दुसरीत वकील, तिसरीत कोणीच वाचवत नाही. पण तिघींनी मिळून एक मोठी गोष्ट झाकून ठेवली आहे. अमेरिकेत बहुतेक आरोपींचा खटला चालतच नाही. २०१२ सालच्या एका निकालपत्रात तेथील सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केले, की केंद्रीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. सरकारी वकील नि आरोपी ह्यांच्यात सौदा ठरतो : कबूल कर, कमी शिक्षा घे, खटला लढवशील तर जास्त भोगशील. केंटकीत एका माणसावर ८८ डॉलर ३० सेंटच्या बनावट चेकचा आरोप होता. कबूल केलेस तर पाच वर्षे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ज्यूरी मागितली. सरकारी वकिलाने मग सराईत गुन्हेगाराचे कलम लावले आणि त्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी हे योग्य ठरवले. ह्या माणसासाठी कोणता हेन्री फोंडा उभा राहणार होता? ती खोली उघडलीच गेली नाही.

मराठी वाचकाला ज्यूरी अगदीच परकी नाही. १९५९ साली मुंबईच्या नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडले, आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने नानावटींची जन्मठेप कायम केली. अमेरिकेत हे अशक्य होते. तिथे ज्यूरीच्या त्या निर्णयाबरोबर पडदा पडला असता. पुढे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आपल्याकडची ज्यूरी उरली नाही. आणि तरीही १९८६ साली बासू चटर्जींनी ‘एक रुका हुआ फैसला’ काढला, तेव्हा आपण तो त्याच अमेरिकन बारा जणांइतक्या तन्मयतेने पाहिला! जी व्यवस्था आपण मोडीत काढली, तिच्यातला एकटा सज्जन मात्र आपल्याला हवाहवासा वाटतो.

मला ह्या लोभाची भीती वाटते. न्याय एखाद्या सज्जनाच्या हजेरीवर सोपवला, की निरुत्साही वकील, एकाच वर्णाची ज्यूरी नि बंद खोलीतला सौदा ह्यांना जाब विचारायचे आपण विसरतो. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ जरूर पाहावा, मुलांना दाखवावा. शंका घेणे हे भेकडपणाचे लक्षण नसून जबाबदारीचे आहे, हा संस्कार त्याच्याइतका सुंदर दुसऱ्या कोणी केलेला मला ठाऊक नाही. पण त्याच्या पाठोपाठ ‘अॅनाटमी’ही पाहावा, म्हणजे पहिल्याची गोडी थोडी कडू होईल नि पचेल.

आत्याबाईंना मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले : “कोर्टालाही ते कळलं नाही. आपल्याला कळलं नाही एवढंच त्यांनी कबूल केलं.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कबूल केलं ना? मग बरं केलं. पण त्याचा वकील कुठं होता रे?”