पुंजबिंदूंचे सौर घट : आकडा आणि सांधा

सौर घटांविषयीच्या बातम्यांत एक आकडा नेहमी ठळक अक्षरांत असतो, तो कार्यक्षमतेचा. तो कशामुळे वाढला आणि कशाच्या मोबदल्यात वाढला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पुंजबिंदूंच्या, म्हणजेच क्वांटम डॉट्सच्या, संशोधनासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह ह्यांना मिळाले. तेव्हापासून शाळेत व्याख्यानाला गेलो की "ह्यापासून वीज केव्हा मिळणार?" हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. म्हणून ह्या क्षेत्रातील एका गाजलेल्या कामाची थोडी चिकित्सा करू.

लेड सल्फाइडच्या मोठ्या स्फटिकाचे ऊर्जा-अंतर ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सौर घटासाठी ते फारच कमी आहे. पण त्याच पदार्थाचे सुमारे ३ नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर हे अंतर १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत वाढते. शॉक्ली आणि क्वायसर ह्यांनी १९६१ साली मांडलेल्या हिशेबानुसार एका पदार्थाच्या घटाला जास्तीत जास्त सुमारे ३३ टक्के कार्यक्षमता मिळू शकते, आणि त्यासाठी साधारण एवढेच अंतर सोयीचे असते. पदार्थ न बदलता केवळ आकार बदलून गुणधर्म हवा तसा मिळवायचा, हे पुंजबिंदूंचे खरे आकर्षण.

अडचणही आकारातूनच येते. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. ३ नॅनोमीटर व्यासाच्या गोलावर ०.३ नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे साधारण एका अणुथराचे, कवच कल्पा. आतल्या गोलाचा व्यास २.४ नॅनोमीटर. २.४ भागिले ३ म्हणजे ०.८, आणि त्याचा घन सुमारे ०.५१. म्हणजे जवळजवळ निम्मे अणू पृष्ठभागावरच आहेत. त्यांचे काही बंध अपुरे राहतात आणि अशा जागी इलेक्ट्रॉन अडकतात. द्रावणात कण तयार करताना त्यांच्याभोवती ओलेइक आम्लाचे रेणू चिकटवलेले असतात, पण १८ कार्बन अणूंची त्याची लांब साखळी विजेला अडवते. तेव्हा ती काढून आखूड रेणू किंवा आयोडाइडसारखे आयन लावावे लागतात. कण आणि कण, थर आणि थर ह्यांच्यामधल्या सांध्याची, म्हणजे आंतरपृष्ठाची, ही डागडुजी हेच ह्या विषयाचे मर्म आहे.

अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत बुलोव्हिच आणि बावेंडी ह्यांच्या गटाने २०१४ साली ह्या सांध्याचा फार चतुर उपयोग केला. एकाच लेड सल्फाइडच्या कणांचे त्यांनी दोन थर दिले. जाड थराला आयोडाइड लावले, तर वरच्या पातळ थराला इथेनडायथायॉल. वेष्टण बदलले की कणांच्या ऊर्जापातळ्या वरखाली सरकतात, त्यामुळे वरचा थर इलेक्ट्रॉनांना अडवतो आणि धन भाराला वाट देतो. ८.५५ टक्के कार्यक्षमता प्रमाणित झाली. आवरण न घातलेले घट हवेत ठेवूनही १५० दिवसांनंतर टिकून होते.

ह्या कामाचे मोल आम्हाला आकड्यापेक्षा तर्कात वाटते. काय घडावे हे आधी ठरवून, ऊर्जापातळ्या मोजून, मग घट बांधलेला आहे. आता उणी बाजू पाहू. घटाचा दाब सुमारे ०.५५ व्होल्ट, प्रवाह प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे २४ मिलिअँपिअर आणि भरण-गुणांक सुमारे ०.६४. तिन्हींचा गुणाकार साडेआठच्या जवळ येतो, आणि प्रमाणित सूर्यप्रकाशाची शक्ती प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट असल्याने तीच टक्केवारी. १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतराच्या आदर्श घटाकडून सुमारे १ व्होल्ट मिळायला हवा. म्हणजे जवळजवळ अर्धा दाब वाटेतच हरवला. सांधा सुधारला, पण बुजला नाही.

टिकाऊपणाचेही तसेच. हवेत ठेवून देणे वेगळे आणि उन्हात वर्षानुवर्षे काम करणे वेगळे. बाजारातील सिलिकॉन पॅनेलच्या प्रमाणित चाचण्यांत ८५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात.

त्यानंतरचे विक्रमही जपून वाचावेत. २०१७ साली हा आकडा १३.४ टक्क्यांवर गेला आणि पुढे १८ टक्क्यांवर. पण आलेखातील ती रेघ एकच दिसली, तरी पदार्थ बदललेला आहे. हे घट पेरोव्हस्काइटच्या कणांचे आहेत. सीझियम लेड आयोडाइडच्या कणांवरील २०१६ सालच्या पायाभूत शोधनिबंधाचा पहिला लेखक पुण्याच्या आयसर संस्थेतील संशोधक विद्यार्थी होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. तेथे कण लहान ठेवण्याचा मोठा लाभ असा, की एरवी खोलीच्या तापमानाला मोडणारी उपयुक्त स्फटिकरचना टिकून राहते. ऊर्जा-अंतर आकाराने ठरवण्याची मूळ कल्पना तेथे दुय्यम होते. म्हणून ह्या वाढीचे सगळे श्रेय सांध्याच्या सुधारणेला देणे बरोबर नाही.

आम्हीही ह्या मोहातून सुटलो नव्हतो. एकदा नवा थर घातल्यावर आमच्या घटाची कार्यक्षमता एकदम वाढली आणि त्याचे स्पष्टीकरणही आम्ही लगेच तयार केले. पुढे लक्षात आले, की मोजताना घटावर ठरावीक छिद्राचा मुखवटा ठेवलाच नव्हता. आजूबाजूच्या भागावर पडलेला प्रकाशही हिशेबात आला होता. मुखवटा ठेवल्यावर वाढ नाहीशी झाली. स्पष्टीकरण मात्र तोवर आम्हाला पाठ झाले होते!

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ह्या संशोधनापासून दूर ठेवावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुढचा विक्रम वाचताना चार प्रश्न मात्र विचारायला शिकवावे : घटाचे क्षेत्रफळ किती? मोजमाप त्रयस्थ प्रयोगशाळेने केले का? दाब, प्रवाह आणि भरण-गुणांक ह्यांपैकी नेमके काय वाढले? आणि उन्हात किती तास चालवून पाहिले? शिशाचे काय करणार, हा पाचवा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. हे प्रश्न विचारणारा विद्यार्थी पुढे प्रयोगशाळेत आला, तर आमच्यासारख्यांच्या चुका वेळीच पकडल्या जातील.